शपथेचा दाणा

घोलवडला काशीनाथशेठच्या वाडीत येऊन कुणी नवशीला फसवून दाखवावं! चिकूंचा ढीग समोर पडला की ती एकेक फळ उचलायची, अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडायची. आत पिवळसर दिसलं तर या बाजूला, हिरवं दिसलं तर त्या बाजूला. वरून दोन्ही फळं सारखीच. पण कच्चा उतरवलेला चिकू कधी धड पिकत नाही, नुसता सुरकुततो. मग पेटी उघडणारा दिल्लीचा व्यापारी फोनवर शेठला जे ऐकवतो, ते शेठ चांगलं तिखटमीठ लावून सगळ्या बायांना ऐकवतात. म्हणून नख लावल्याशिवाय नवशी कशावरही विश्वास ठेवत नसे. फळावर नाही, आणि माणसावर तर नाहीच नाही.

माणसांच्या बाबतीत ही सवय तिला उगाच लागली नव्हती. तलासरीकडच्या तिच्या पाड्यावर मागे एक गोडबोल्या गृहस्थ आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पोरींना शिवणकाम शिकवतो म्हणाला, राहणं-खाणं फुकट. नवशीच्या बहिणीने आपली शितल त्याच्याबरोबर पाठवली. शितल परत आली ती शिवण शिकून नव्हे, मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत परक्यांची भांडी घासून. हाताची सालं निघालेली, आणि आधी दिवसभर बडबडणारी ती पोर आता विचारलं तेवढंच बोलायची. तेव्हापासून ‘शिकायला नेतो’ हे दोन शब्द कानावर पडले की नवशीच्या मनात पाल चुकचुकायची. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. नवशी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

आणि नेमके तेच दोन शब्द घेऊन एका रविवारी नूतनवहिनी पेट्या भरायच्या शेडमध्ये आली.

नूतन ही शेठची सून. लग्नाआधी शाळेत शिकवायची. लग्नानंतर सासूबाईंनी, म्हणजे चंपाशेठाणींनी, शाळा सोडायला लावली. पण शिकवायची खोड काही सुटली नाही. तिचा दीपेश पाचवीत होता. त्याला सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला बसवायचं तिने ठरवलं आणि त्याचबरोबर वाडीतल्या बायांच्या पाचवीतल्या मुलांनाही बसवायचं तिच्या डोक्यात आलं. रिकाम्या पेट्या उलट्या घालून तिने बायांना त्यावर बसवलं. कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाच्या हातात अर्धी भाकरी. नवशीच्या शेजारी तिची रोशनी बसली होती. सुट्टीच्या दिवशी रोशनी आईबरोबर वाडीत यायची आणि गळालेली पानं गोळा करायची.

‘‘ही शाळेतल्या परीक्षेसारखी परीक्षा नाही,’’ नूतन म्हणाली. ‘‘इथे पास-नापास नसतं. ही निवड असते.’’

‘‘म्हणजे पास झाली तर घेतील ना?’’ मागून संगिता म्हणाली. तिचा मुलगाही पाचवीत.

‘‘तेच तर सांगतेय. पास होऊन भागत नाही. जिल्ह्यातली किती तरी मुलं बसतात, जागा थोड्या. सगळ्यात वरची तेवढीच उचलतात. आता तुम्ही हे चिकू निवडता ना, तसंच. सगळेच चिकू चांगले असतात, पण पेटीत मोठे तेवढेच जातात.’’

उदाहरण तिने चांगल्या मनाने दिलं होतं. पण पेटीत गेलेल्या चिकूचं पुढे काय होतं, ते नवशीला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पेटी ट्रकमध्ये जाते, ट्रक दिल्लीला जातो, आणि आजवर एकही चिकू परत आलेला तिने पाहिला नव्हता.

‘‘पैसे किती?’’ तिने विचारलं.

‘‘काही नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, सगळं सरकार देतं. बारावीपर्यंत.’’

झालं! राहणं-खाणं फुकट. नवशीने नूतनच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं काही ती तिथेही नख लावून बघणार होती.

‘‘आणि तुमचे दीपेशची जागा आणि माझे पोरीची जागा एकच का वेगळी?’’

‘‘काही जागा राखीव असतात. गावातल्या मुलांना वेगळ्या, मुलींना वेगळ्या. पण बाकीच्या सगळ्यांना एकत्रच.’’

यातलं ‘राखीव’ नवशीच्या एका कानातून आत गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं. ‘एकत्र’ मात्र आत जाऊन बसलं. एकच ढीग, त्यात हिचाही पोर आणि माझीही पोर, आणि शिकवणार कोण, तर ही! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. बाब्याच्या वाटेत आडवं येणाऱ्या कार्ट्याला कुठली आई हाताला धरून पुढे नेते?

तरीसुद्धा ती नाही म्हणाली नाही. कारण रोशनीला खरंच येत होतं. पाड्यावरच्या शाळेतले गुरुजी तिला पुढच्या वर्गाची गणितं घालायचे आणि ती सोडवून मोकळी व्हायची. नवशीला जगात एकच गोष्ट हवी होती: आपल्या पोरीने आपल्यासारखं जन्मभर दुसऱ्याच्या झाडाखाली बसून दुसऱ्याची फळं खरवडू नयेत. आणि एकाच गोष्टीची भीती होती: पोर शितलसारखी हातची जाईल. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, आणि मधोमध नूतनवहिनीचं गोड बोलणं. नवरा लडक्या तिकडे गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी. बोट बंदराला लागली की त्याचा फोन यायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘तुला बरा वाटेल ता कर. मी हतं पाण्यात काय सांगू?’’ झाला सल्ला!

मग दर रविवारी शेडमध्ये शिकवणी सुरू झाली. नवशी मुद्दाम जवळच बसून चिकू निवडायची. हात फळांवर, कान वहिनीकडे. कुठली आकृती कशात बसते, गणितं, मराठीचा उतारा. पेपर मराठीतच देता येतो हे ऐकून तिला बरं वाटलं. पण लगेच, आता इतकं सोपं कसं, म्हणून पुन्हा शंका आली. चंपाशेठाणी येता-जाता नाक मुरडायच्या. ‘‘आमच्या सूनबाईंना दुसऱ्यांच्या पोरांचा फार पुळका!’’ शेठाणीचं हे बोलणं नवशीला पटायचं. या वाडीत सरळ बोलणारी तेवढी एक शेठाणीच, असं तिचं मत होतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा नूतनने पुन्हा सगळ्या आयांना बोलावलं आणि उत्तरांचा नमुन्याचा कागद दाखवला. प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल. बरोबर उत्तराचा गोल पेनाने काळा करायचा.

‘‘आता नीट ऐका, घरीही मुलांना सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘एखादा प्रश्न आला नाही, तर तो रिकामा सोडायचा नाही. चारातला कुठलाही एक गोल भरून टाकायचा. चुकला तरी मार्क कापत नाहीत. बरोबर आला तर मिळाला.’’

बाया माना डोलावत होत्या. नवशीचा हात चिकूवरच थांबला.

‘‘येत नसंल तरी भरायचा?’’

‘‘हो.’’

‘‘ठाऊक नाय, तरी ठाऊक हाय असा सांगायचा?’’

‘‘अगं, सांगायचं नाही, भरायचं. रिकामं ठेवून काय मिळणार?’’

‘‘खोटा नाय का ता?’’

बायांमध्ये हशा पिकला. नूतनही हसली, आणि ते हसणं नवशीला झोंबलं. नूतन मग रोशनीकडे वळली आणि तेच पुन्हा, अगदी निक्षून म्हणाली, ‘‘रोशनी, तुला मुद्दाम सांगते. एकही गोल रिकामा नको. कळलं?’’

तुला मुद्दाम! एवढ्या पोरांत माझ्याच पोरीला मुद्दाम का? डाळीत काहीतरी काळं आहे हे नवशीने तिथेच ओळखलं. नक्की काय काळं आहे, ते तिला त्याच दिवशी कळलं, निदान तिला तसं वाटलं. पेट्यांचे कागद आणायला ती बंगल्याच्या मागच्या ओटीवर गेली, तर आत नूतन दीपेशला घेऊन बसली होती आणि सांगत होती, ‘‘घाई करू नकोस. नीट वाच, विचार कर, आणि मगच गोल भर. उगाच ठोकून द्यायचं नाही.’’

नवशी कागद न घेताच परतली. म्हणजे असं आहे तर! स्वतःच्या पोराला विचार कर म्हणायचं आणि आमच्या पोरांना ठोकून द्या म्हणायचं. त्याचे मार्क राहणार, आमचे कापले जाणार, आणि आम्ही वर हात जोडून म्हणणार, वहिनी, तुमचे फार उपकार! दीपेशला घाईत दिसेल तो गोल भरायची खोड होती आणि येणारी गणितंसुद्धा तो चुकवायचा, हे नवशीला कुठून ठाऊक असणार? आणि ठाऊक असतं तरी तिने मानलं असतं असं नाही. संशयाला एकदा बसायला पाट मिळाला की तो जेवूनच उठतो.

शिवाय गोष्ट नुसत्या मार्कांची नव्हती. जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, हे नवशी आयुष्यभर पाळत आली होती. फळ तयार आहे की नाही ते कळत नसेल तर झाडावरच राहू द्यावं. आज नाही तर उद्या उतरेल. पण कच्चं ओढून काढलं तर झाडाचंही जातं आणि आपलंही. आणि ही शिकली-सवरली बाई पोरांना सांगते, डोळे मिटून ओढा!

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने रोशनीची वेणी घातली, दहा ठिकाणी नीट केली, आणि मग कोपऱ्यातल्या कणगीतून चिमूटभर नवा भात काढला. चार दाणे सोलून तळहातावर घेतले. नवशीच्या माहेरची ही रीत होती. कुणाकडून पक्कं वचन हवं असलं की नव्या भाताचा दाणा त्याच्या जिभेवर ठेवायचा, कणसरीचं नाव घ्यायचं, वचन बोलायला लावायचं आणि दाणा गिळायला सांगायचा. कणसरी म्हणजे धान्याची देवी, दाण्याबरोबर पोटात जाते. ती आत बसून बघते. त्यानंतर खोटं बोललं तर अन्न गोड लागत नाही, असं नवशीच्या आजीने सांगितलं होतं आणि नवशीने कधी खोटं बोलून खात्री करून पाहिली नव्हती.

‘‘तोंड उघड.’’

रोशनीने तोंड उघडलं. नवशीने तिच्या जिभेवर दाणे ठेवले.

‘‘सांग, जां येत नाय तां भरणार नाय. एकही नाय.’’

रोशनी आईकडे बघत राहिली. डोळे मोठे, ओठ बंद.

‘‘सांग.’’

‘‘जां येत नाय तां भरणार नाय.’’

‘‘कणसरीची आण?’’

‘‘कणसरीची आण.’’

‘‘गीळ.’’

रोशनीचा गळा हलला. नवशीच्या जिवाला थंडावा आला. जगात सगळे फसवतील, पण हिने एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं. ही एकच पोर अशी होती, जिला नवशीने कधी नख लावून बघितलं नव्हतं.

नूतनने गाडीतून न्यायचं म्हटलं होतं. नवशीने ‘‘एसटी हाय ना,’’ म्हणून टाळलं. गाडीत बसवून वाटेत पोरीच्या डोक्यात अजून काय भरवेल, कुणी सांगावं. डहाणूला शाळेच्या फाटकाशी ही गर्दी. आया, बाप, आजोबा, डबे, पाण्याच्या बाटल्या. नूतन दीपेशला घेऊन आधीच पोचली होती. तिने रोशनीला पाहिलं, घाईघाईने जवळ आली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘लक्षात आहे ना? रिकामा नको.’’ रोशनीने मान हलवली. नवशीच्या अंगाची लाहीलाही झाली. पण ती मनात म्हणाली, सांग बाई, सांग. तुझ्यापुढे माझी कणसरी आहे.

पेपर सुटल्यावर रोशनी बाहेर आली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

‘‘सोडले का रिकामे?’’

‘‘सोडले.’’

‘‘खरा?’’

‘‘हां. जां नाय आलां तां सोडलां.’’

नवशी इतकी खूश झाली की तिने स्टेशनजवळच्या गाडीवरून भजी घेतली. एरवी बाहेरचं खायला ती कधी देत नसे, तेलात काय घालतात देव जाणे. रोशनीने मात्र दोनच भजी खाल्ली आणि उरलेली ‘‘तू खा, आये,’’ म्हणून आईच्या हातात ठेवली. नवशीला वाटलं, किती समंजस पोर.

पुढचे महिने नवशी वाडीत ताठ मानेने वावरली. नूतन समोर आली की तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं. कशी जिरवली! नूतनला बिचारीला काहीच ठाऊक नाही, ती आपली विचारायची, ‘‘काय गं नवशी, आज खुशीत?’’ नवशी म्हणायची, ‘‘नाय बा, अशीच.’’ आणि मनात म्हणायची, विचार, विचार, आतली गोष्ट काढायला बघतेस.

उन्हाळ्यात एका दुपारी नूतन शेडकडे जवळजवळ धावतच आली. हातात मोबाइल, डोळे लाल. नवशी चिकू निवडत होती. रोशनी शेजारी बसून पेट्यांत कागद घालत होती.

‘‘नवशी, रोशनीचं नाव लागलं!’’

बाया ‘‘अगो बाय!’’ म्हणत उठल्या. संगिताने रोशनीला मिठी मारली. नवशी बसूनच राहिली. तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, ‘‘आणि दीपेशचा?’’

‘‘नाही लागलं,’’ नूतन म्हणाली आणि हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही.

नवशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. डोळे लाल होते ते रडून. म्हणजे ही बाई आधी घरात बसून रडली, मग तोंड धुतलं, आणि मग उन्हातून धावत इथे आली, दुसऱ्याच्या पोरीची बातमी द्यायला. नवशीने मनातल्या मनात तिला नख लावून पाहिलं आणि आत जे दिसलं त्याने ती गोंधळली.

‘‘वहिनी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमचा पोर नाय लागला, आणि माझी लागली. तुमाला वाईट नाय वाटला?’’

‘‘वाटलं ना. खूप वाटलं.’’ नूतन पेटीवर टेकली. ‘‘तुला खरं सांगू? शिकवताना एकदा मनात येऊन गेलं होतं, की ते रिकाम्या गोलांचं रोशनीला नको सांगायला. फार हुशार आहे तुझी पोर. दीपेशच्या पुढे जाईल असं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. म्हणून तर तिला दोन-तीनदा सांगितलं.’’

‘‘म्हंजे भरला तर मार्क कापीत नाय? खरंच?’’

‘‘खरंच नाही कापत. मी कशाला खोटं सांगू?’’

म्हणजे नवशीचा संशय खरा होता! या बाईच्या मनात काळं आलंच होतं. फक्त ते आलं आणि बाईने ते झटकून टाकलं. नवशीने साप ओळखला, पण साप निघून गेल्यावर ती भुई धोपटत बसली होती. आणि त्या नादात स्वतःच्या पोरीला रिकामे गोल सोडायला लावले. तरी पोर निवडली गेली, म्हणजे किती हुशार असेल! तिच्या छातीत अभिमान दाटून आला.

‘‘वहिनी, माझे पोरीने तर रिकामे सोडले होते,’’ ती म्हणाली. ‘‘मीच सांगितला होता. आणि तरी लागला नाव!’’

नूतनने चमकून रोशनीकडे पाहिलं. रोशनी पेटीत कागद घालत होती. एक घातला, दुसरा घातला, आणि मग मान वर न करताच म्हणाली, ‘‘मी सोडले नाय.’’

‘‘काय?’’

‘‘एकही सोडला नाय. सगळे भरले.’’

नवशीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा पहिला विचार कणसरीचा होता. ‘‘तू आण घेतली होतीस! दाणा गिळलास!’’

‘‘नाय गिळला.’’ रोशनी म्हणाली. ‘‘गालात ठेवला होता. एसटीच्या खिडकीतून थुंकला.’’

नवशीचा हात वर गेला. हातात चिकू होता, तो तसाच राहिला. ‘‘बाहेर आल्यावर विचारला तवा सोडले म्हणालीस. माझे तोंडावर.’’

‘‘तू मारलां असतं.’’

‘‘मला का नाय सांगितला की भरला तरी चालतां?’’

‘‘मी गुरुजींना विचारला होता. ते पण म्हणाले, भर.’’ रोशनीने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे भरलेले, पण हनुवटी आईसारखीच पुढे आलेली. ‘‘तुला सांगितला असता तर तू गुरुजींवर पण संशय घेतला असतास.’’

संगिता फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. नवशीला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. साऱ्या जगाला तिने खरवडून पाहिलं. शेठला, शेठाणीला, वहिनीला, सरकारला, भज्याच्या तेलालासुद्धा. एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि नेमकं त्यानेच तिला फसवलं. आणि फसवलं म्हणून पोरीचं भलं झालं. आता यावर रागवायचं कसं, आणि न रागवता तरी राहायचं कसं? ती उठली आणि विहिरीकडे तोंड धुवायला गेली. त्या संध्याकाळी तिने कणगीपुढे दिवा लावला, देवीची माफी मागितली आणि मुलीची कागाळीही केली.

लडक्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. तिकडे तो इतका हसला की बोटीवरचे बाकीचे खलाशी काय झालं म्हणून विचारायला आले.

शाळा सुरू व्हायच्या वेळी नवशी रोशनीला सोडायला गेली. या वेळी मात्र ती नूतनच्या गाडीतून गेली. निघताना चंपाशेठाणींनी दारातून म्हटलं, ‘‘बघ हो, एवढ्या लांब पोरगी टाकतेस!’’ आणि नवशीला एकदम वाटलं, सरळ बोलणाऱ्याचंही सगळं खरंच असतं असं नाही. पदराच्या गाठीत तिने काहीतरी बांधलं होतं आणि गाडीत ती गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होती.

शाळेत गेल्यावर तिने काय काय बघितलं नाही! मुलींची झोपायची खोली, खिडक्यांच्या कड्या, दाराची कडी आतून आहे का बाहेरून. स्वयंपाकघरात जाऊन डाळ चाखली. मुलींकडे बघायला कोण बाई असते, रात्री कुठे झोपते, हे विचारलं आणि त्या बाईला समोर उभं करून घेतलं. नूतन मागे उभी राहून अवघडून हसत होती, पण तिने नवशीला थांबवलं नाही. कशातही खोट निघाली नाही. खोट निघाली असती तर नवशीला जास्त सोपं गेलं असतं. हाताला धरून पोर परत आणता आली असती.

मग निघायची वेळ झाली. नूतन गाडीकडे गेली. फाटकाशी नवशी आणि रोशनी दोघीच उरल्या. नवा गणवेश रोशनीला मोठा होत होता. बाह्या कोपराखाली आल्या होत्या.

‘‘करमेल तुला हतं?’’ नवशीने विचारलं.

‘‘करमेल,’’ रोशनी लगेच म्हणाली. ‘‘तू जा, आये. मला काय नाय होत.’’

नवशीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आधी तिला या चेहऱ्यावर सगळं वाचता यायचं, किंवा येतं असं वाटायचं. आता पिवळं की हिरवं काहीच कळत नव्हतं. पोर खरं बोलते आहे की आईचं पाऊल मागे ओढू नये म्हणून बोलते आहे? शितलसुद्धा जाताना असंच म्हणाली होती का? बहिणीने तिला विचारलं तरी होतं का?

तिने पदराची गाठ सोडली. आत भाताचे सोललेले दाणे होते. रोशनीने ते पाहिले आणि आईने सांगायच्या आतच तोंड उघडलं. नवशीने दाणे तिच्या जिभेवर ठेवले.

‘‘आता सांग. करमेल?’’

‘‘करमेल.’’

‘‘कणसरीची आण?’’

‘‘कणसरीची आण.’’

रोशनीने ओठ घट्ट मिटले. गळा हलला, किंवा हलल्यासारखा दिसला. डोळ्यांत पाणी होतं, पण ती आईच्या नजरेला नजर देऊन उभी होती. गाल जरासा फुगलेला होता की तिचा गालच तसा, ते नवशीला ठरवता येईना.

तोंड उघड, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते नवशीच्या ओठांवर आले होते. एकदा बघितलं असतं की कायमची खात्री झाली असती. दाणा गिळला असेल तर निवांत घरी जायचं. गालात असेल तर पोरीला घेऊन जायचं.

नवशीने पोरीच्या लांब बाह्या दोन्ही हातांनी दुमडल्या, कोपराच्या वर नीट बसवल्या. मग तिने रिकामी गाठ पुन्हा बांधली आणि गाडीकडे चालू लागली. तोंड उघडायला तिने सांगितलं नाही.